‘पद जाहिरात देऊन भरले होते काय?’ : निवृत्त सनदी अधिकारी आणि खासगी नोकरीचे नियम

जुनी_नस्ती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यातून २०१९ साली अवर सचिव म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षे आस्थापनेच्या इतर कामांबरोबर माझ्या टेबलावर एक लहानसे कामही असे. नुकत्याच निवृत्त झालेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे खासगी नोकरीसाठी परवानगी मागणारे अर्ज तपासायचे आणि त्यांवर टिपणी लिहून वर पाठवायची. वर्षाकाठी असे अर्ज बोटांवर मोजण्याइतकेच येत. ‘अमुक माजी सचिव तमुक कंपनीच्या संचालक मंडळावर’ अशी बातमी आली, की लोक जे बोलतात त्यातले निम्मे मला पटत नाही. उरलेले निम्मे मात्र बोलणाऱ्यांना वाटते त्याहून गंभीर आहे. म्हणून हा धागा.

आधी नियम पाहू. भारतीय प्रशासन सेवा, पोलीस सेवा आणि वन सेवा यांतील अधिकाऱ्यांना अखिल भारतीय सेवा (मृत्यू-नि-सेवानिवृत्ती लाभ) नियम, १९५८ मधील नियम २६ लागू होतो. केंद्राच्या इतर ‘गट अ’ अधिकाऱ्यांसाठी १९७२ च्या केंद्रीय नागरी सेवा निवृत्तिवेतन नियमांत नियम १० होता; २०२१ मध्ये ते नियम नव्याने आले, पण तरतुदीचा गाभा तोच राहिला. निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत कोणतीही व्यावसायिक नोकरी धरायची असेल, तर सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. हा काळ पूर्वी दोन वर्षांचा होता, तो पुढे निम्मा केला. त्याला आता आपल्याकडेही सर्रास ‘कूलिंग ऑफ’ म्हणतात. दूध निवत ठेवावे तसा अधिकारी निवत ठेवायचा, अशी ती कल्पना आहे.

‘व्यावसायिक नोकरी’ची व्याख्या बरीच रुंद आहे. कंपनी, सहकारी संस्था, भागीदारी पेढी किंवा व्यापारउदीम करणारी व्यक्ती यांच्याकडची कोणतीही नोकरी तीत येते. संचालकपद, भागीदारी आणि दलाली येते. आणि सरकारी कचेऱ्यांशी संपर्क ठेवण्याचे काम असेल, तर स्वतःची सल्लागार पेढी काढणेही येते. सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या कंपन्या मात्र वगळल्या आहेत.

परवानगी देताना पाहायच्या गोष्टीही नियमात नमूद आहेत. सेवेच्या शेवटच्या तीन वर्षांत त्या कंपनीच्या कामाशी थेट संबंध असलेली संवेदनशील किंवा धोरणात्मक माहिती अधिकाऱ्याच्या हाती होती काय, आधीच्या पदाशी हितसंबंधांचा संघर्ष होतो काय, सेवेतील सचोटीबद्दल काही शेरा आहे काय, देऊ केलेला पगार त्या क्षेत्रातल्या रिवाजाला धरून आहे काय. शेवटचा मुद्दा मला फार शहाणपणाचा वाटतो. एखाद्याला बाजारभावाच्या तिप्पट पगार मिळत असेल, तर ती कंपनी त्याच्या कामाव्यतिरिक्त आणखी कशाचे तरी पैसे मोजते आहे, असे समजायला हरकत नाही.

परवानगी न घेता नोकरी धरली, तर सरकार म्हणणे मांडण्याची संधी देऊन निवृत्तिवेतन पूर्णतः किंवा अंशतः थांबवू शकते. नियमांत शिक्षा एवढीच आहे.

आता अर्जाबद्दल. मी हाताळलेल्या नमुन्यात निवृत्तीपूर्वीच्या पाच वर्षांतील नेमणुका, कंपनीचे नाव व व्यवसाय, तिच्याशी तीन वर्षांत आलेला कार्यालयीन संबंध, कामाचे स्वरूप, मोबदला असे रकाने असत, आणि त्यांच्या मध्ये एक छोटा प्रश्न होता : पद जाहिरात देऊन भरले होते काय, नसल्यास प्रस्ताव कसा आला?

एका अर्जात या रकान्यापुढे निळ्या शाईत दोनच शब्द होते : ‘परस्पर परिचयातून’. अर्ज फिरत फिरत माझ्याकडे आला तो बावन्नाव्या दिवशी. हे सांगण्याचे कारण असे, की १९७२ च्या नियमांप्रमाणे साठ दिवसांत नकार कळवला नाही तर परवानगी दिल्याचे मानले जाई. ज्या विभागात त्या गृहस्थांनी अखेरची वर्षे काढली होती त्या विभागाचे मत मागवलेले होते, आणि उत्तरात एकच ओळ होती : ‘या विभागाची हरकत नाही.’ खाली सही करणारा अधिकारी आठ महिन्यांपूर्वीपर्यंत अर्जदारांच्या हाताखाली काम करत होता. मी ‘परस्पर परिचयातून’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि परिचय कोणत्या कामानिमित्त झाला याचा खुलासा मागवावा, असे टिपणीत सुचवले. खुलासा मागवण्याइतके दिवसच उरले नव्हते. नस्ती (फाइल) परत आली तेव्हा पेन्सिलीची रेघ रबराने पुसलेली होती आणि परवानगी मंजूर होती.

ते गृहस्थ कदाचित पूर्णपणे स्वच्छ असतील, आणि नसतील असे म्हणायला माझ्याकडे काही नाही. पण त्या कागदावरून ते स्वच्छ आहेत की नाहीत हे कोणालाच कळले नसते, आणि या पद्धतीवर माझा आक्षेप आहे तो नेमका हाच. एक वर्षाऐवजी दोन किंवा पाच वर्षे केल्याने त्यात काय फरक पडेल, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

निवृत्त_पण_शांत

धागा उत्तम आहे, आणि तुम्ही तो संयमाने मांडला आहे. तरीही दुसरी बाजू लिहितो, कारण मी त्या बाजूचा आहे. मी स्वतः अखिल भारतीय सेवेत नव्हतो, पण ‘गट अ’ मध्ये होतो आणि निवृत्तीनंतर दहा महिन्यांनी परवानगी घेऊन खासगी क्षेत्रात गेलो.

साठाव्या वर्षी माणूस घरी जातो तेव्हा पस्तीस वर्षांचे ज्ञान त्याच्या डोक्यात असते. बंदर कसे चालते, रेल्वेचे मालभाडे कसे ठरते, पर्यावरणाची मंजुरी नेमकी कुठे अडते, हे ज्ञान जनतेच्या पैशातूनच मिळालेले आहे हे मान्य. पण ते घरात कुजवत ठेवल्याने जनतेला काय मिळते? खासगी कंपन्या आम्हाला ओळखीपायी घेतात असे सरसकट म्हटले जाते. माझा अनुभव असा, की नवी कंपनी पहिल्या महिन्यातच ‘जुन्या खात्यात एक फोन कराल का’ असे विचारते. नाही म्हटले तर थोडी नाराज होते आणि मग कामाला लावते. नाही म्हणणारे पुष्कळ आहेत, फक्त त्यांची बातमी होत नाही.

पैशाचेही बोलू. भारत सरकारच्या सचिवाचे मूळ वेतन दरमहा २,२५,००० रुपये असते, म्हणजे मूळ निवृत्तिवेतन १,१२,५०० रुपये. कंपनी कायद्यानुसार संचालकाला एका बैठकीसाठी एक लाख रुपयांपर्यंत बैठक शुल्क देता येते. हा आकडा पाहून लोकांच्या भुवया उंचावतात, पण त्याच खोलीत शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माजी बँकरला तेवढेच मिळते आणि त्याला कोणी काही विचारत नाही.

जुनी_नस्ती

आपले म्हणणे रास्त आहे, आणि फोनबद्दल आपण लिहिलेले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सध्याचा नियम नोकरी कधी धरली ते पाहतो, आणि फोन केव्हा व कोणत्या कामासाठी केला याकडे त्याचे लक्षच नाही. बारा महिने आणि एक दिवस झाला, की तोच अधिकारी त्याच कंपनीतर्फे त्याच प्रकरणासाठी आपल्याच जुन्या खोलीत जाऊन बसू शकतो, आणि त्याला कोणतेही निवृत्तिवेतनाचे नियम आड येत नाहीत.

मंजिरी_वकील

मी सेवाविषयक खटले चालवते, म्हणून कायद्याच्या बाजूने काही भर घालते. थोडे लांबेल.

पहिली गोष्ट अशी, की सेवेत असताना पुढच्या नोकरीची बोलणी करणे आजही निषिद्ध आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १५ आणि अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ मधील नियम १३ यांत, सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय अन्य नोकरी स्वीकारू नये एवढेच म्हटलेले नाही; तिच्यासाठी वाटाघाटीही करू नयेत, असे स्पष्ट आहे. त्यामुळे ‘प्रस्ताव कसा आला’ हा रकाना नुसता चौकशीवजा नाही. निवृत्तीनंतर तिसऱ्याच आठवड्यात नेमणुकीचे पत्र हाती असेल, तर बोलणी कधी झाली, हा वर्तणूक नियमांचाच प्रश्न आहे. मात्र निवृत्तीनंतर विभागीय कारवाई सुरू करायची तर राष्ट्रपतींची मंजुरी लागते आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात एवढ्यासाठी ते दार कोणी ठोठावत नाही.

दुसरी गोष्ट शिक्षेबद्दल. सगळा भार निवृत्तिवेतन रोखण्यावर आहे. ज्याला निवृत्तिवेतनच नाही त्याचे काय? स्वेच्छानिवृत्ती घेणारा निवृत्तिवेतनधारक असतो, म्हणून तो नियमात सापडतो. राजीनामा देणाऱ्याची आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते, तो निवृत्तिवेतनधारक राहत नाही आणि हा नियम त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. चाळिशीत राजीनामा देऊन थेट मोठ्या कंपनीत जाणाऱ्याच्या बाबतीत सरकारच्या हाती रोखून धरायला काहीच उरत नाही.

त्याहून मोठा पेच पुढे आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्रीय सेवेत आलेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू झाली. तीत साठलेली रक्कम कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात असते, आणि त्यातून घेतलेली वार्षिकी, म्हणजे निवृत्तीनंतर ठरावीक काळाने मिळणारी रक्कम, विमा कंपनी देते. तिजोरीतून दरमहा निघणारे वेतन थांबवणे आणि विमा कंपनीशी झालेला करार थांबवणे या गोष्टी सारख्या नाहीत. १९५८ च्या नियमांमागे जुन्या निवृत्तिवेतनाचे गृहीतक आहे, आणि २००४ नंतरच्या तुकड्या वरिष्ठ पदांवर पोहोचत असताना ते गृहीतक पायाखालून सरकते आहे. १ एप्रिल २०२५ पासून हमीचे निवृत्तिवेतन देणाऱ्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय आला आहे. पण जे तो घेणार नाहीत त्यांच्यासाठी प्रश्न तसाच राहतो.

तिसरी गोष्ट आपल्याला जवळची आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ (‘रेरा’ कायदा) ज्यांनी महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडच्या तक्रारीच्या निमित्ताने वाचला असेल, त्यांनी त्यातील कलम २५ पुन्हा पाहावे. प्राधिकरणाच्या अध्यक्ष व सदस्यांवर पद सोडल्यानंतर जी बंधने आहेत, ती केवळ काळाची नाहीत. या कायद्याखालील कामाशी संबंध आलेल्या संस्थेत नोकरी करायची नाही. ज्या विशिष्ट कार्यवाहीत प्राधिकरण पक्ष होते आणि आपण काम पाहिले होते, तीत कोणाच्या वतीने उभे राहायचे नाही. पदामुळे मिळालेल्या आणि जनतेला उपलब्ध नसलेल्या माहितीच्या आधारे सल्ला द्यायचा नाही. तिथे ‘एक वर्षानंतर चालेल’ असे म्हटलेले नाही. वीज अधिनियम, २००३ मधील कलम ८९ आयोगाच्या सदस्यांना दोन वर्षे व्यावसायिक नोकरी मना करते, आणि त्यासोबत कोणत्याही वीज आयोगापुढे कोणाचीही बाजू मांडू नये, असेही बजावते.

म्हणजे संसदेला हे लिहिता येते. पाच-सहा सदस्यांच्या प्राधिकरणासाठी जे लिहिले, ते ज्यांच्या सहीने त्या क्षेत्राची धोरणे ठरतात त्या सचिवांसाठी लिहिलेले नाही.

तोक्योचा_पत्ता

मी गेली सोळा वर्षे जपानमध्ये आहे. इथे या प्रकाराला ‘अमाकुदारी’ म्हणतात, म्हणजे स्वर्गातून खाली उतरणे. मंत्रालय म्हणजे स्वर्ग आणि कंपनी म्हणजे पृथ्वी, असा शब्दातच टोमणा आहे.

आपल्याकडच्या चर्चेत नेहमी एकटा अधिकारी दिसतो. जपानमध्ये फार काळ गोष्ट वेगळी होती, कारण तिथे मंत्रालयच आपल्या माणसांची सोय लावून देत असे. एका तुकडीतला एक जण सर्वोच्च पदावर पोहोचला, की बरोबरीच्यांनी बाजूला व्हायचे, आणि त्यांना कुठे बसवायचे हे खात्याची आस्थापना शाखा पाहायची. जुना कायदा आपल्यासारखाच होता : शेवटच्या पाच वर्षांत ज्या कंपनीशी निकटचा संबंध आला, तिथे दोन वर्षे परवानगीशिवाय जायचे नाही. २००७ च्या दुरुस्तीने ती बंदी काढून टाकली आणि तिच्याजागी वेगळी तीन बंधने आणली. खात्याने कोणाची शिफारस करायची नाही, सेवेत असताना आपल्या अखत्यारीतल्या कंपनीकडे नोकरी शोधायची नाही, आणि निवृत्तीनंतर दोन वर्षे जुन्या सहकाऱ्यांकडे जुन्या कामासंबंधी रदबदली करायची नाही. देखरेखीसाठी स्वतंत्र आयोग नेमला.

त्याने सगळे थांबले असे नाही. २०१७ च्या जानेवारीत शिक्षण मंत्रालयाचे प्रकरण बाहेर आले. उच्च शिक्षण विभागाच्या एका माजी प्रमुखाची वासेदा विद्यापीठात प्राध्यापकपदी वर्णी लागली होती, आणि ती लावण्यात मंत्रालयाचाच हात होता. मंत्रालयाचे सर्वोच्च सनदी अधिकारी किहेई मायेकावा यांना पद सोडावे लागले. मला यातली लक्षात राहिलेली गोष्ट अशी, की ते विद्यापीठ होते, कारखाना नव्हे. आपल्याकडे परवानगीचे सगळे लक्ष कंपन्यांवर असते. शिक्षणसंस्था, न्यास आणि ‘विचारमंच’ यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

वारणाकाठ

वरच्या व्याख्येतला ‘सहकारी संस्था’ हा शब्द वाचून सरसावून बसलो. आमच्याकडे निवृत्त साहेब मोठ्या कंपनीत जात नाही, तो कारखान्याचा नाहीतर सूतगिरणीचा सल्लागार होतो. माझ्या समजुतीप्रमाणे सहकारी संस्थेतले निवडून आलेले पदही या व्याख्येत धरले आहे. तसे असेल तर निवृत्तीनंतर वर्षाच्या आत पतसंस्थेचा अध्यक्ष होणाऱ्या केंद्रीय अधिकाऱ्यालाही परवानगी हवी. हे खरे काय?

आणि एक प्रश्न मुलाबाळांचा. साहेब स्वतः कुठेच जात नाहीत, पण चिरंजीव साहेबांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी ठेकेदाराच्या कंपनीत ‘व्यवस्थापक’ होतात. त्याला काय म्हणायचे?

मंजिरी_वकील

सहकारी संस्थेबाबत तुमची समजूत बरोबर आहे. अध्यक्ष, व्यवस्थापक, सचिव, खजिनदार ही पदे, मग ती निवडणुकीने मिळोत वा अन्यथा, स्पष्टीकरणात नावानिशी घेतलेली आहेत. महाराष्ट्र शासनाच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन १९८२ च्या वेगळ्या नियमांखाली येते, त्यामुळे वरची चर्चा त्यांना जशीच्या तशी लावू नये.

मुलांबाबत वर्तणूक नियमांच्या नियम ४ मध्ये तरतूद आहे. पदाचा वापर करून कुटुंबातल्या कोणाला कंपनीत लावता येत नाही, आणि ज्या कंपनीशी आपला कार्यालयीन संबंध आहे तिथे मुलाने किंवा मुलीने नोकरी धरायची तर वरिष्ठ अधिकाऱ्याला आधी मंजुरी घ्यावी लागते. तरतूद चांगली आहे. अडचण अशी, की तिची माहिती त्या अधिकाऱ्यानेच द्यायची असते.

आडवा_छेद

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मला वाटते, आपण चुकीच्या दाराशी पहारा बसवतो आहोत.

संविधानकर्त्यांना भीती कशाची वाटत होती ते पाहा. अनुच्छेद १४८ नुसार भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकाला पद सोडल्यावर केंद्र किंवा राज्य सरकारचे कोणतेही पद घेता येत नाही. अनुच्छेद ३१९ नुसार संघ लोकसेवा आयोगाचा अध्यक्ष पुढे सरकारी नोकरीस अपात्र ठरतो. दोन्हीकडे बंदी आहे ती सरकारी पदाची, आणि खासगी नोकरीचा उल्लेखही नाही. ज्याने सरकारचे हिशेब तपासायचे किंवा सरकारसाठी माणसे निवडायची, त्याला सरकारनेच पुढच्या खुर्चीचे आमिष दाखवू नये, अशी ती योजना आहे. निवृत्तिवेतनाच्या नियमांत नेमके उलटे आहे. खासगी कंपनीला एक वर्षाची आडकाठी आहे. पण निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी एखाद्या आयोगावर, न्यायाधिकरणावर किंवा सरकारी कंपनीच्या मंडळावर नेमणूक झाली, तर त्याला ‘व्यावसायिक नोकरी’ म्हणायचेच नाही.

जिथे कायद्याने अशी आडकाठी घातली, तिथेही ती टिकली नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या माजी अध्यक्षांना सरकारी नोकरी वर्ज्य होती. मे २०१४ मध्ये नृपेंद्र मिश्रा यांना पंतप्रधानांचे प्रधान सचिव नेमायचे ठरले तेव्हा ती तरतूद आड आली, म्हणून वटहुकूम काढून कायदा बदलला आणि त्याच वर्षी संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. मिश्रांच्या योग्यतेबद्दल किंवा सचोटीबद्दल माझे काही म्हणणे नाही. नियामकाला सरकारपासूनही अंतर हवे, हे तत्त्व एका नेमणुकीसाठी किती सहज बाजूला ठेवता आले, एवढेच दाखवायचे आहे.

निवडणुकीचेही तसेच. निवृत्त अधिकाऱ्यांना लगेच उमेदवारी मिळू नये, यासाठी निवडणूक आयोगाने २०१२ मध्ये सरकारला लिहिले होते, ते मान्य झाले नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा विषय विधिमंडळाचा आहे असे म्हणून याचिका फेटाळली.

निवृत्त_पण_शांत

आडवा छेद यांचा मुद्दा बिनतोड आहे. मी पुष्कळ वर्षे पाहिले आहे, की खासगी कंपनीच्या आशेने वाकणारे मोजके असतात. निवृत्तीनंतरच्या सरकारी खुर्चीच्या आशेने शेवटची दोन वर्षे मान डोलावणारे त्याहून बरेच अधिक असतात. बंगला, गाडी आणि शिपाई आणखी पाच वर्षे टिकतात, या गोष्टीचे आकर्षण बाहेरच्यांना कळणार नाही.

थेम्सकाठची_सून

मला जे माहीत आहे ते थोडक्यात सांगते. ब्रिटनमध्ये १९७५ पासून एक सल्लागार समिती होती. मंत्री व वरिष्ठ अधिकारी सरकारबाहेर जाताना तिचा सल्ला घेत आणि दोन वर्षांपर्यंत लॉबिंग करू नये अशा अटी ती घालत असे. तिचे सल्ले प्रसिद्ध होत, हे चांगले होते. पण अटी मोडल्या तर शिक्षा काहीच नव्हती, त्यामुळे ती दात नसलेली म्हणूनच ओळखली गेली. २०२१ मध्ये ग्रीनसिल या वित्तकंपनीच्या प्रकरणात उघड झाले, की सरकारच्या खरेदीव्यवहारांचे माजी प्रमुख बिल क्रॉदर्स हे सेवेत असतानाच त्या कंपनीचे अर्धवेळ सल्लागार झाले होते, आणि तेही वरिष्ठांच्या संमतीने. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ती समिती बंद करून तिचे काम इतर संस्थांकडे दिले.

धागाकर्त्यांच्या आठ महिन्यांपूर्वीच्या हाताखालच्या अधिकाऱ्याची गोष्ट वाचून मला हेच आठवले. हरकत घ्यायची ज्याच्यावर जबाबदारी, त्याच्याकडूनच ‘हरकत नाही’ मिळते.

जुनी_नस्ती

सर्वांचे आभार. माझा प्रश्न वर्षांच्या संख्येचा होता, आणि प्रतिसाद वाचून माझे मत पक्के झाले, की संख्या हा मुख्य मुद्दा नाही. मंजिरीताईंनी दाखवलेले कलम २५ सचिवांना लावले, म्हणजे ज्या नस्तीवर आपली सही आहे त्या विषयात आपण कधीच कोणाच्या वतीने यायचे नाही असे ठरले, तर वर्षभर घरी बसवण्याची गरज पुष्कळ अंशी कमी होईल. अमेरिकेच्या कायद्यात अशी प्रकरणापुरती कायमची बंदी आहे आणि तिच्या जोडीला एक-दोन वर्षांची सर्वसाधारण बंदीही आहे.

त्याच देशातले एक प्रकरण मला नेहमी आठवते, कारण त्यात वाटाघाटी सिद्ध झाल्या. डार्लीन ड्रुयन या हवाई दलाच्या खरेदी अधिकारी होत्या. बोइंगच्या इंधनवाहू विमानांचा व्यवहार त्यांच्या टेबलावर असतानाच त्या बोइंगशी स्वतःच्या नोकरीची बोलणी करत होत्या, आणि ती बोलणी सुरू झाली ती त्यांच्या मुलीमार्फत, जी आधीच बोइंगमध्ये होती. २००४ मध्ये त्यांना नऊ महिन्यांची कैद झाली. वारणाकाठ यांच्या प्रश्नातले चिरंजीव आणि माझ्या रकान्यातला ‘परस्पर परिचय’ अशा तऱ्हेने एकाच नस्तीत येतात.

दुसरे, परवानगी दिलेल्या प्रत्येक प्रकरणाची माहिती सरकारने आपणहून प्रसिद्ध करावी : पद, कंपनी, अटी आणि ‘प्रस्ताव कसा आला’ याचे उत्तर. आज ती माहितीच्या अधिकारात मागावी, तर वैयक्तिक माहितीचा अपवाद पुढे केला जातो, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तो अपवाद आणखी रुंद केला आहे. निवृत्त_पण_शांत यांच्यासारख्या नाही म्हणणाऱ्यांचे नाव स्वच्छ राहायचे असेल, तर त्यांचा अर्ज लोकांना वाचायला मिळण्यात त्यांचाच फायदा आहे.

आडवा छेद यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. सरकारी खुर्चीची परवानगी सरकारकडेच मागायची असेल, तर ती टिपणी कोण लिहिणार?

डोंबिवली_फास्ट_नाही

चर्चा मोठ्या साहेबांची आहे, तरी एक घरगुती प्रश्न विचारते. माझे मेहुणे केंद्र सरकारच्या एका बांधकाम खात्यातून मुख्य अभियंता म्हणून येत्या जूनमध्ये निवृत्त होत आहेत. पुण्याच्या एका सल्लागार पेढीने त्यांना ‘या आमच्याकडे’ म्हटले आहे, तोंडीच. त्या पेढीचे त्यांच्या खात्याशी काम आलेले नाही. ‘वर्ष व्हायच्या आत गेलो तर पेन्शन जाईल’ असे कोणीतरी त्यांना घाबरवले आहे. त्यांनी काय करावे?

जुनी_नस्ती

घाबरू नये, पण घाईही करू नये. निवृत्त होईपर्यंत होकार, पगार, रुजू होण्याची तारीख यांतले काही ठरवू नये आणि मोबाइलवरच्या निरोपांतही ते येऊ देऊ नये. मंजिरीताईंनी सांगितलेला वाटाघाटींचा नियम सेवेतील शेवटच्या दिवसापर्यंत लागू असतो. निवृत्तीनंतर पेढीकडून लेखी प्रस्ताव घ्यावा, त्याची प्रत जोडून विहित नमुन्यात खात्याकडे अर्ज करावा आणि परवानगी हाती येईपर्यंत रुजू होऊ नये. संबंध आलेला नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. जाहिरातीच्या रकान्यात जे घडले ते पूर्ण वाक्यात लिहावे : पेढीतले कोण, कधी आणि कोणत्या निमित्ताने भेटले. अर्ज टपालाने न पाठवता स्वतः नेऊन द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का तारखेसह घ्यावा, कारण मुदत तिथूनच मोजतात.